अलीशिबेचे पाच महिने

फाट्यापासून गावात येणारी वाट रेतीची आहे. शववाहिकेच्या ड्रायव्हरनं आधीच सांगून टाकलं, चाक फसलं तर ट्रॅक्टर बोलवावा लागेल. म्हणून आईला तिथंच उतरवलं आणि बाजेवर घेतलं. पुढच्या दोन खुरांना बाबा आणि सुकलूमामा होते, मागच्या दोन खुरांना आमच्या ख्रिस्ती मंडळीतले दोघे. चादर उडू नये म्हणून मी तिच्यावर हात ठेवून बाजूनं चालत होते.

मोह वेचणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. प्रत्येकीची नजर आधी आईच्या पोटाकडे गेली, मग चेहऱ्याकडे. तिला सातवा सरत आला होता. चादरीखाली पोटच आधी दिसत होतं.

आदल्या दुपारी तिला झटके आले. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोटातल्या बाळाचे ठोके थांबले होते. आई पहाटे गेली. डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "बीपी फार चढलं होतं. वेळेत कळायला हवं होतं." त्या क्षणापासून बाबांनी तोंड उघडलं नव्हतं. कागदावर सही करताना नाही, गाडीत नाही.

गावाच्या शिवेवर मोहाचं एक जुनं झाड आहे. तिथं वाट फुटते. डावीकडची वाट गावदेवीच्या जागेसमोरून आमच्या घराकडे जाते आणि तशीच पुढं मंडळीच्या दफनभूमीकडे. माझा भाऊ विक्की मलेरियानं गेला, तो तिथं आहे. उजवीकडची वाट नाल्यापलीकडे जाते. त्या झाडाखाली मामानं आपल्या हातातला खूर जमिनीवर टेकवला.

बाजेचा एक खूर खाली गेला की बाकीच्यांनाही ठेवावेच लागतात.

"इथून पुढं नाई," मामा म्हणाला.

मामा गावचा गायता आहे. देवीचं, पेरणीचं, नव्या मोहाचं, सगळं त्याच्या हातून होतं. आईचा तो थोरला भाऊ. आई आमच्या ख्रिस्ती घरात सून म्हणून आली तेव्हा तो आमच्या अंगणात पाणी प्यायचा बंद झाला होता. विक्की झाला तेव्हा पुन्हा प्यायला लागला.

भागीरथाआत्या घरून पाण्याची गुंडी घेऊन आली तेव्हा आम्ही तसेच उभे होतो. ती बाबांची थोरली बहीण. आजोबांनी नदीत बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांच्यामागोमाग पाण्यात उतरलेली. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते आणि घर तिच्याच आवाजावर चालतं.

"कायची वाट पाहून राह्यले? ऊन चढून राह्यलं."

"भागीरथाबाई," मामा म्हणाला, "पोटात लेकरू घेऊन गेलेली बाई देवीपुढून नेत नाई. तिले नाल्यापलीकडे ठेवा लागते. तुले मालूम आहे."

"बहीन आहे तुही."

"म्हनून तं खांदा देल्लो."

"खांदा देऊन अर्ध्या वाटेत उतरवते का कोनी? धानाचं पोतं आहे का?"

"तुह्या बापालेबी ही रीत मालूम होती."

"माह्या बापानं ते सगळं नदीत सोडलं."

"नदीत त्यानं डोस्कं बुडवलं," मामा म्हणाला. "रीत कुठी बुडवली?"

मागच्या खुराशी उभ्या एकाला हसू फुटलं आणि त्यानं तोंड फिरवलं. आत्या बाबांकडे वळली. "इसरू, तू सांग याले."

बाबा झाडाच्या बुंध्याला टेकून बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"जखऱ्या झाला," आत्या म्हणाली. "तोंड बांधलं गेलं."

मंडळीतल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. जखऱ्या हा मंदिरातला म्हातारा याजक. त्याची बायको अलीशिबा, जन्मभर मूल नसलेली. देवदूत येऊन म्हणाला, तुला मुलगा होईल, त्याचं नाव योहान ठेव. म्हाताऱ्याचा विश्वास बसला नाही, म्हणून मुलाचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचा गेली. आत्या हे टोमण्यानं म्हणाली. पण बाबांच्या खांद्यातून काहीतरी सरकत गेलेलं मी पाहिलं.

*

घरी नेता येईना, म्हणून आत्यानं आईला तिथंच आंघोळ घालायचं ठरवलं. चार बायांनी चार बाजूंनी लुगडी धरली. आत मी, आत्या आणि आई.

आत्यानं केस धुतले, हात धुतले. पोटावर आली तशी तिचा हात थांबला. तिला वाटलं, आता आतून धक्का बसेल. हे वाटणं वेड्याचं आहे हे तिला कळत होतं, तरी हात तिथून निघेना. (त्या वेळी काय काय मनात आलं ते तिनं मला पुढं उन्हाळाभर तुकड्यातुकड्यानं सांगितलं.)

बाप्तिस्म्याला पाण्यात उतरले त्या दिवशी आजोबांनी आणि तिनं खूप काही सोडलं. कोंबडं सोडलं, दारू सोडली, अंगात येणं सोडलं. एक मात्र आत्याच्या हाडात राहिलं. बाईला दिवस गेले की पोट स्वतःहून सांगेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. नजर लागते. म्हणून दसऱ्याच्या आसपास आई चुलीशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, मले दिवस गेले वाटते," तेव्हा आत्या म्हणाली, "चूप राह्य. कोनाले सांगू नोको." चाळिशी उलटलेली बाई, वर विक्की गेलेला. हे बी गेलं तर लोक काय म्हणतील, असंही तिच्या मनात होतं.

आई हसली होती. म्हणाली, "शास्त्रातबी असंच आहे, बाई. अलीशिबा पाच महिने लपून राह्यली. मी बी तेवढं करतो."

आत्याला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. जन्मभर दोन्हीकडच्या रीती एकमेकींच्या विरुद्ध बोलत आल्या. यावेळी दोघींचं एकमत झालं होतं.

लुगड्याचा एक कोपरा रंजीतानं धरला होता. ती गावची आशा सेविका. तिची औषधाची थैली अजून तिच्या खांद्याला होती.

"मी दोनदा विचारलं होतं," ती बाहेर पाहतच बोलली. "बाई, पोट दिसून राह्यलं. तं म्हनाली, मोहाची भाकर खाऊन सुटलं. मी हसली. तीबी हसली." मग थोड्या वेळानं, "बीपीची गोळी माह्या थैलीतच असते. काऊन लपवलं, मले एवढंच सांगा."

आत्या पाय धुवायला लागली. आईचे पाय अजून सुजलेले होते, पायातल्या जोडव्यांच्या खुणा मांसात रुतल्या होत्या.

"आत्या," मी म्हटलं, "सांग ना तिले."

"काय सांगू? अलीशिबेनं लपवलं म्हनून लपवलं."

"कोन अलीशिबा?" रंजीतानं विचारलं. "कोनत्या गावची?"

आत्यानं उरलेलं पाणी आईच्या पायांवर ओतलं.

फाल्गुनात एका सकाळी आईचा फोन आला होता तो मला आठवला. मी चंद्रपूरला कॉलेजच्या वाचनालयात असते. ती म्हणाली, "दिव्या, आता सांगाले हरकत नाई. पाच झाले." मी म्हटलं, कशाचे पाच. ती कितीतरी वेळ नुसती हसत राहिली. दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात न्यायला लावलं. गोळ्या सुरू झाल्या, पण तोवर पाय सुजले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि ते सगळं तिनं वयावर घातलं होतं.

अलीशिबेचं ते वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, एका ओळीचं. एका बाईला दिवस गेले आणि ती पाच महिने लपून राहिली. का लपली, हे तिथं दिलेलं नाही. मोठमोठ्या विद्वानांनी त्यावर लिहिलेलं आहे: लाजेनं, कृतज्ञतेनं, प्रार्थनेसाठी. मी त्यातलं पुष्कळ वाचलं. मला ते एका म्हातारीनं काय केलं ते सांगणारं वाक्य वाटायचं. आईला वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी ते काय करायचं ते सांगणारं वाक्य होतं.

*

पास्टर अजय मोटरसायकलवरून आले तेव्हा आईला नवं पांढरं लुगडं नेसवून झालं होतं. ते बल्लारपूरकडचे, तिशीतले, आमच्या मंडळीत दीड-दोन वर्षांपूर्वी आलेले. मामासमोर चप्पल काढून बोलणारा हा पहिला पास्टर, म्हणून मामा त्यांना मानतो.

"सुकलूभाऊ, दफनभूमीची जागा गावानंच दिलेली आहे."

"जागेचं मी बोलतो का? वाटेचं बोलून राह्यलो."

पास्टरांनी आजूबाजूला पाहिलं. "देवीसमोरून नाही नेलं तर? तिकडून, बांधाबांधानं?"

मामा बराच वेळ धानाच्या रिकाम्या बांध्यांकडे बघत राहिला. ऊन आता सरळ डोक्यावर येत होतं. बाजेवर मोहाची दोन-तीन फुलं पडली, ती आत्यानं उचलून टाकली.

"बांधावरून न्या," तो शेवटी म्हणाला. "मंग मी नाई बोलत."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. "देवा, तुझी दया." ती मामाला म्हणाली, "एवढं तं तू सकाळीच बोलला असता." आणि लगेच पास्टरांना, "क्रूसावर दोन नावं लिवा लागतीन. एक सोमारी. एक योहान. लेकराचं नाव तिनं ठेवून ठेवलं होतं."

पास्टरांनी हातातलं काळं पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं.

"काऊन?"

"ताई, सोमारीताईंचं लिहू."

"अन् लेकराचं?"

"नाव आपण बाप्तिस्म्यात देतो. बाळ जन्माला आलं नाही. मी प्रार्थनेत म्हणेन, हिच्या उदरफळासह."

"फळासह?" आत्या म्हणाली. "झाडावरलं?"

"ताई, ऐका..."

"सात महिन्याचं लेकरू आहे. आत्ता माह्या हातानं धुतलं. हात-पाय लागून राह्यले वरून."

मी म्हटलं, "पास्टर, देव यिर्मयाला म्हणाला, तुला पोटात घडवण्याआधीच मी तुला ओळखत होतो. तुम्हीच हे शिकवता. ज्याला ओळखतो त्याला काही नाव असेलच ना?"

"देव ओळखतो, दिव्याताई." ते माझ्याकडे नाही, आईकडे बघत होते. "मला ओळखायची मुभा नाही. उद्या वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?"

"तुमीच तं सांगतलं होतं तिले," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "नाताळाच्या आधी. अलीशिबेनं लपवलं म्हनून."

पास्टर अजयच्या डोळ्यांसमोर डिसेंबरचा तो रविवार आला. ते हसत म्हणाले होते, देवानं काही दिलं की अलीशिबेनं ते आधी मनात ठेवलं, आपण लगेच मोबाइलवर टाकतो. मंडळी हसली होती. तिसऱ्या रांगेत एक बाई हसली नव्हती, पोटाशी हात धरून एकटक ऐकत होती, आणि तिचं लक्ष पाहून त्यांना बरं वाटलं होतं. बोलणं कुणाच्या तरी आत पोचतंय, असं.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "ते तसं नव्हतं, ताई."

"मंग कसं होतं?"

पास्टर मोहाच्या खालच्या फांदीशी जाऊन उभे राहिले, आणि काळ्या पुस्तकावरची नसलेली धूळ झटकू लागले.

*

"एक असती तं मी कायले अडवलं असतं?" मामा म्हणाला.

तो इतका वेळ उकिडवा बसून तंबाखू चोळत होता. आता हातातली तंबाखू त्यानं टाकून दिली.

"दोन आहेत म्हनून तं अडवलं. आमच्यात दोनाचीच भीती असते, एकाची नाई."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

"अन् तिकडे कोनी नाई असं नोको समजू. तिकडे माही माय आहे."

ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आजीबद्दल एवढंच माहीत होतं, की ती आई लहान असताना गेली.

"सोमारी माह्या पाठीवर होती," मामा म्हणाला. "मी पोरगाच होतो. मायच्या पोटात तिसरं होतं. बाळंत होता होता गेली. बापानं तिले त्याच वाटेनं नेलं. सोमारीले मी नाल्याच्या इकडे धरून ठेवलं, ते रडून राह्यली, सोडत नाई म्हनून चावली मले." त्यानं मनगट पुढे केलं, जणू अजून काही दिसेल. "दर चैतात मी तिथी मोहाचे दोन दोने ठेवतो. एक मायचा. एक त्याचा."

"आई यायची का सोबत?" मी विचारलं.

"येत होती. तुह्या बापालेबी मालूम नसंल. पाया नाई पडे. नुसती बसे. म्हने, दादा, तू नाव काऊन नाई घेत त्या लेकराचं? मी म्हनो, ठेवलंच नाई तं काय घेऊ. 'लेकरू' म्हनतो अन् ठेवतो." मामा थांबला. "नाव असतं तं हाक मारता आली असती."

मग आत्या, जिनं आयुष्यभर मामाच्या हातचा प्रसाद दारातून परत पाठवला, पास्टरांकडे वळून म्हणाली, "पाहा. हा दोन म्हनते. तुमी एक म्हनता."

पास्टरांनी डोळे मिटले.

मला दोघांचाही राग आला. सकाळपासून आम्ही तिला कुठं ठेवायचं यावर बोलत होतो. मामाकडे भीती होती आणि तिच्यात माझा न जन्मलेला भाऊ मोजला जात होता. पास्टरांकडे दया होती आणि तिच्यात तो मोजला जात नव्हता. आणि या दोन्हीकडच्या रीती ज्या एका गोष्टीवर एकत्र आल्या होत्या, त्या लपवण्यानं आई इथं बाजेवर होती.

*

बाबा सगळं ऐकत होते.

मंडळीत शास्त्र वाचायचा मान बाबांचा. आजोबांनंतर त्यांचाच. संध्याकाळी जेवणं झाली की आई चुलीशी बसे आणि ते मराठी पुस्तकातून वाचून तिला गोंडीत सांगत. गेले काही महिने तिला एकच अध्याय हवा होता. "म्हातारीचा सांगा," ती म्हणे. पाच महिने लपून राहिल्याची ओळ आली की ती बोटं मोजे. ती ओळ त्यांच्या तोंडून तिच्या कानात गेली होती, दुसऱ्या कुणाच्या नाही. पास्टर रविवारी बोलले, आत्यानं चुलीशी सांगितलं, पण पहिल्यांदा आणि शंभरदा ते बोलले होते बाबाच. म्हणून डॉक्टरीण बाईनं "वेळेत कळायला हवं होतं" म्हटलं तसं त्यांनी तोंड मिटलं. त्या तोंडानं आता काही करू नये असं त्यांना वाटत होतं.

त्याच अध्यायात पुढं गरोदर मरिया डोंगर चढून अलीशिबेला भेटायला येते. ती आत येऊन अभिवादन करते आणि ते ऐकताच म्हातारीच्या पोटातलं बाळ उडी मारतं. अभिवादनाला गोंडीत काय म्हणायचं ते बाबांना सुचलं नाही. त्यांनी म्हटलं, "मरियेनं जोहार केला."

आईला ते फार आवडलं. "आपल्यासारखाच? जोहार ऐकून उडी मारलं का पोरगं?"

"हाव."

दुसऱ्या दिवसापासून ती उठल्याबरोबर पोटावर हात ठेवून म्हणे, "जोहार." आणि थांबे. पोरगं आतून लाथ मारे. मग ती बाबांना हलवून उठवी. "मारली. मारली उडी." नाव योहानच ठेवायचं, यावर ती अडून होती. बाबा म्हणाले, नाव आठव्या दिवशी ठेवतात. ती म्हणाली, देवदूतानं तं पहिलेच सांगतलं होतं ना.

झटके आले त्याच्या आदल्या सकाळी तिनं पोटावर हात ठेवून जोहार म्हटलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. पुन्हा म्हटलं. मग बाबांकडे वळून म्हणाली, "आता हा बी लपला वाटते."

बाबा हसले होते.

झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेल्या त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आपण हसलो होतो. मोह वेचायला उशीर होतोय म्हणून हसत हसत टोपली उचलून निघालोही होतो.

ते उठले. बाजेजवळ आले. बांधाच्या बाजूचा खूर मंडळीतल्या माणसानं धरला होता, तो त्यांनी त्याच्या हातून सोडवून घेतला आणि बाज उजवीकडे वळवली, नाल्याच्या वाटेला.

"इसरू," आत्या म्हणाली, "तिकडे कुठी? विक्की इकडे आहे."

मामानं दुसरा खूर उचलला. एक खूर वर गेला की बाकीच्यांनाही उचलावेच लागतात.

*

चैत्रात नाला कोरडा असतो. ओलांडायचं म्हणजे पायाखाली थोडी रेती, एवढंच. पास्टर अजय आमच्यामागून काठापर्यंत आले. त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि तिथंच उभे राहिले. पलीकडून मी मागं वळून पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही. आत्या त्यांच्याजवळ थोडी थबकली, मग एकटीच उतरून आली.

पलीकडे सागाची विरळ झाडं आहेत आणि त्यांच्यात जमिनीचे बसके उंचवटे. कुठला कुणाचा हे फक्त मामाला ठाऊक. एका उंचवट्यावर पानांचे वाळलेले दोन दोने होते, या वर्षीचे. त्याच्या शेजारी खड्डा खणला.

आईला खाली ठेवताना बाबा आत उतरले. तिला कुशीवर ठेवायचं की पाठीवर, यावर कुणीतरी काही बोललं. बाबांनी तिला पाठीवर ठेवलं, पोट वर करून, आणि लुगडं सारखं केलं. मग त्यांना हात देऊन वर काढावं लागलं. माती लोटली तेव्हा पोटाचा भाग सगळ्यात शेवटी झाकला गेला.

मामानं बोरीच्या काट्या आणून बाजूनं रचल्या. आत्याचा चेहरा पाहून म्हणाला, "अस्वल उकरते, बाई. दुसरं काई नाई." दुसरंही काही होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो तरी असं म्हणाला.

त्यानं मोहाच्या ओल्या फुलांचे दोन दोने मातीवर ठेवले, जवळ जवळ.

"सोमारी," तो पहिल्या दोन्याकडे बघून म्हणाला. आईला कुणी असं नावानं हाक मारलेलं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मग तो बाबांकडे वळला. "दुसऱ्याचं काय ठेवलं होतं तिनं?"

आत्या सांगायला पुढे झाली. मामानं हातानं तिला थांबवलं. "बाप आहे ना."

बाबांचे ओठ सुटेनात. एकदा सुटले, पुन्हा मिटले. जखऱ्याचं तोंड उघडलं तेव्हा त्याच्यासमोर आठ दिवसांचं मूल रडत होतं, शेजारपाजार जमला होता. इथं सागाची पानं आणि कोरडी रेती होती.

"योहान," बाबा म्हणाले.

आवाज इतका बसका होता की मलाही नीट ऐकू आला नाही. मामाला तर एका कानानं कमीच ऐकू येतं.

"काय म्हनला?"

"योहान."

"जोहार?"

आत्यानं दुरुस्त करायला तोंड उघडलं. मी तिचा दंड धरला. बाबा मामाकडे पाहत होते, जणू तो कुठल्या तरी बंद दारामागून बोलला होता. मग त्यांनी मान हलवली.

"हाव," ते म्हणाले. "जोहार."

मामा खाली वाकला. दोन्ही हात मातीला टेकवून, आत झोपलेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं हाक मारली.

"जोहार."

आणि बाबा, जिथं आईचं पोट होतं तिथल्या मातीकडे, मान पुढे करून बघत राहिले. मामा उठला, हात झटकले. आत्यानं गुंडी उचलली. बाया परतायला लागल्या. बाबा अजून थांबले होते.